नागपूरकर भोसल्यांचे जडजवाहीर

नागपूरकर भोसल्यांचे जडजवाहीर म्हणजे ‘सेनासाहेबसुभा’ ही पदवी धारण करणाऱ्या भोसले घराण्याच्या जामदारखान्यात आणि राणीवशात शंभराहून अधिक वर्षांत साठत गेलेले दागिने, रत्ने व सोन्यारुप्याच्या वस्तू. दुसरे रघूजी भोसले यांच्या पत्नी बाकाबाई (‘बांकाबाई’ असेही लेखन आढळते) या १८१६ पासून १८५८ पर्यंत नागपूरच्या राजवाड्यातील सर्वांत वडीलधाऱ्या स्त्री होत्या. त्यामुळे या संग्रहाच्या अखेरच्या इतिहासाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. १८५४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने नागपूरचे राज्य खालसा केले आणि पुढील वर्षी या संग्रहाचा मोठा भाग कोलकात्यात लिलावाने विकला. हे दागिने राज्याचे, घराण्याचे की राण्यांचे स्त्रीधन, हा त्या वेळी उपस्थित झालेला प्रश्न हाच या विषयाचा गाभा आहे.

इंग्रजी कागदपत्रांत नागपूरच्या राजाला बहुधा ‘बेरारचा राजा’ म्हटलेले असते. त्यामुळे ‘बेरारचे जवाहीर’ असा उल्लेख वाचून ते अमरावती किंवा अकोल्याच्या एखाद्या संस्थानिकाचे असावे, असा विद्यार्थ्यांचा समज होण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात अमरावती-अकोल्याचा मुलूख १८०३ मध्येच भोसल्यांच्या हातून गेला होता. नाव मात्र मागे राहिले.

वऱ्हाडाशी संबंध

पहिले रघूजी भोसले यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाडातील चौथाईच्या हक्कावरून आपल्या सत्तेचा पाया घातला. हैदराबादचा निजाम आणि भोसले या दोघांचा अंमल एकाच मुलखावर चाले व दोघांचेही कामगार वसुलीला येत. वऱ्हाडात या काळाला ‘दोअमली’ म्हणतात. रयतेने तो कसा सोसला असेल याची कल्पना या एका शब्दावरूनच येते.

दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला. १५ डिसेंबरला आर्थर वेलस्लीच्या सैन्याने चिखलदऱ्याजवळचा गाविलगड घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड निजामाकडे व कटक प्रांत कंपनीकडे गेला. गाविलगड आणि नरनाळा हे किल्ले व त्यांखालील काही परगणे तेवढे भोसल्यांकडे राहिले आणि पुढे १८२२ च्या तहाने तेही निजामाला मिळाले.

या पराभवाचा जडजवाहिराशी थेट संबंध आहे. मुलखाचा मोठा भाग गेल्यावर दुसऱ्या रघूजींनी हात आखडता घेतला आणि मिळेल त्या मार्गाने पैसा साठवण्यास सुरुवात केली. त्यांच्या या वसुलीमुळे लोक त्यांना ‘मोठा बनिया’ म्हणत, अशी नोंद इंग्रज अधिकाऱ्यांनी केली आहे. मुलूख कमी होत असताना खजिना मात्र भरत होता. राज्य बुडते तेव्हा लोक रोकड आणि सोने जवळ करतात. राजेही त्याला अपवाद नसतात.

संग्रह कसा जमला

या संग्रहाचे तीन मुख्य स्रोत होते. पहिला स्रोत चौथाई व खंडणीचा. १७४२ पासून भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून जात होत्या. १७५१ मध्ये नबाब अलिवर्दीखानाने वार्षिक १२ लाख रुपये चौथाई देण्याचे कबूल केले. अशा व्यवहारात रोख रकमेबरोबर जवाहीरही येत असे. दुसरा स्रोत नजराणे, खिल्लती आणि लग्नकार्यांतील आहेर यांचा. शिरपेच, तुरा, कलगी आणि मोत्यांची कंठी हे तर दरबारी मानाचे ठरलेले दागिने होते.

तिसरा स्रोत तुलनेने कमी लोकांना ठाऊक असतो. मध्य हिंदुस्थानातील हिऱ्यांच्या दोन जुन्या जागा भोसल्यांच्या मुलखात होत्या. त्यांपैकी वैरागड आजच्या गडचिरोली जिल्ह्यात येते. तेथील हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख अबुल फजलच्या ‘आइन-इ-अकबरी’त आहे. दुसरी जागा संबळपूरची. तेथे महानदीच्या पात्रातील वाळू-गोटे चाळून हिरे काढीत. ‘हिराकुड’ हे नाव त्याचीच आठवण आहे. या हिऱ्यांची कीर्ती एवढी होती की १७६६ मध्ये रॉबर्ट क्लाइव्हने ते विकत घेण्यासाठी मॉट नावाचा माणूस संबळपूरला धाडला होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हा प्रदेश नागपूरच्या ताब्यात होता.

राणीवशातील दागिने

मराठा राजघराण्यांतील स्त्रियांच्या दागिन्यांची नावे आजही लग्नाच्या याद्यांत आढळतात, पण त्यांची घडण बरीच बदलली आहे. गळ्यात चिंचपेटी, तन्मणी, लफ्फा, वज्रटीक, ठुशी, पुतळ्यांची माळ, मोहनमाळ, चंद्रहार. कानात कुडी, बुगडी, बाळी आणि वेल. केसांत राखडी, मूद, केतक व नाग. दंडात वाकी व बाजूबंद. हातात पाटल्या, गोठ, तोडे. नाकात मोत्यांची नथ. पायात सोने घालू नये हा सामान्य रिवाज. तो राजघराण्याला लागू नसे, आणि पायातील सोने ही त्यामुळे दर्जाची खूण ठरे.

यांपैकी मोत्यांचे दागिने बसऱ्याच्या मोत्यांचे असत. ते ओवण्याचे काम सोनाराचे नव्हे, पटवेकऱ्याचे. रेशीम झिजले की दागिना पुन्हा ओवावा लागे. ओवताना मोत्यांची मोजदाद होई आणि कमी-जास्त मोती हिशेबी टिपले जात. जडावाचे दागिने कुंदनकामाचे असत. सोन्याच्या पोकळ घरात लाख भरून तीवर रत्न बसवायचे आणि भोवती शुद्ध सोन्याचा पातळ वर्ख दाबून ते पक्के करायचे, ही त्याची रीत. मागील बाजूस, म्हणजे अंगाला लागणाऱ्या आणि कोणालाही न दिसणाऱ्या बाजूस, मीनाकाम केलेले असे. रत्नांना पैलू थोडे; हिरे तर पुष्कळदा नुसते चपटे, पोलकी.

ही घडण समजल्याशिवाय लिलावात काय गेले ते समजत नाही. कुंदनाच्या दागिन्याचे वजन फसवे असते, कारण त्यात लाख असते. तो वितळवला की हाती सोने अपेक्षेपेक्षा कमी येते आणि कारागिरी तर पूर्णच जाते. युरोपच्या बाजारात त्या वेळी अनेक पैलूंच्या, चमकदार हिऱ्याला मागणी होती. चपट्या हिऱ्याला तेथे कच्च्या मालाची किंमत येई आणि तो नव्याने कापला जाई. एकदा कापलेला हिरा कोणत्या राणीच्या कोणत्या दागिन्यातला, हे मग जगातील कोणताही रत्नपारखी सांगू शकत नाही.

वऱ्हाडातील घरांत या शब्दसंपत्तीचा एक धागा अजून टिकून आहे. मंगळसूत्राला डोरले म्हणणारी, गरसोळी व एकदाणी ओळखणारी पिढी अमरावती-अकोल्याकडे अजून आहे. राणीच्या आणि कुणबिणीच्या दागिन्यांत सोन्या-मोत्यांचा फरक होता. नावे आणि ती घालण्याचे प्रसंग पुष्कळसे एकच होते. यामुळेच नागपूरच्या राण्यांचे दागिने विकले गेल्याची बातमी सामान्य घरांतही समजण्याजोगी होती.

बाकाबाई

दुसरे रघूजी २२ मार्च १८१६ रोजी वारले. त्यांचे पुत्र परसोजी शरीराने व बुद्धीने दुबळे होते. दरबारात दोन तट पडले. एका बाजूस बाकाबाई आणि खजिन्याचा कारभार पाहणारे धर्माजी भोसले, तर दुसऱ्या बाजूस रघूजींचे पुतणे आप्पासाहेब. आप्पासाहेबांनी धर्माजींना कैद केले आणि कारभार हाती घेतला. त्याच वर्षी त्यांनी कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला. १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजींचा खून झाला. खजिना ज्याच्या हाती त्याच्या हाती राज्य, हे सूत्र या वर्षभरात राजवाड्यातील प्रत्येकाने जवळून पाहिले होते. बाकाबाईंच्या पुढील वागण्याचा विचार करताना हे लक्षात ठेवावे.

नोव्हेंबर १८१७ मधील सीताबर्डीच्या लढाईनंतर आप्पासाहेबांची सत्ता संपली. १८१८ मध्ये दुसऱ्या रघूजींच्या मुलीचा मुलगा परसोजींच्या विधवा पत्नी दुर्गाबाई यांच्या मांडीवर दत्तक दिला गेला आणि तो तिसरा रघूजी म्हणून गादीवर बसला. तो अल्पवयीन असल्याने राज्याचा कारभार रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स पाहत असे. राजवाड्याची आणि बालराजाची देखरेख बाकाबाईंकडे होती.

येथे एक गोष्ट नजरेआड होऊ नये. बाकाबाई १८१६ पासून विधवा होत्या. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे नथ, मंगळसूत्र, जोडवी हे अलंकार विधवेला वर्ज्य होते. ज्या दागिन्यांसाठी त्यांनी पुढे कंपनी सरकारशी वाद मांडला, ते त्यांना स्वतःच्या अंगावर घालायचेच नव्हते. ते पुढच्या सुनांसाठी होते.

स्त्रीधन, घराण्याचे धन आणि दौलत

हिंदू धर्मशास्त्रात स्त्रीला विवाहप्रसंगी अग्नीच्या साक्षीने मिळालेले, तसेच आईवडील, भाऊ व पती यांनी दिलेले धन तिचे स्वतःचे मानले आहे. याज्ञवल्क्यस्मृती आणि तिच्यावरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा टीका यांत याचा विस्तार आहे. दुष्काळ, धर्मकार्य, आजार किंवा बंदिवास अशा अडचणीत पतीने ते वापरले तर गोष्ट वेगळी. एरवी त्याचाही त्यावर हक्क नाही. मनुस्मृतीने याही पुढे जाऊन, पतीच्या हयातीत स्त्रीने अंगावर वापरलेले दागिने वारसांनी वाटून घेऊ नयेत, असे सांगितले आहे.

राजघराण्यात मात्र याच दागिन्यांचे तीन थर असत. राणीने माहेरून आणलेले व तिला व्यक्तिशः मिळालेले दागिने हे स्त्रीधन. पिढीजात चालत आलेले, थोरल्या सुनेने सणासमारंभाला घालून पुन्हा जामदारखान्यात ठेवायचे दागिने हे घराण्याचे. दरबारात राजाने धारण करायचे शिरपेच-कलगी आणि अडीअडचणीला मोडायचे सुटे जवाहीर ही दौलत. घरातील माणसांना हा भेद तोंडपाठ असे. कागदावर तो नेहमी लिहिलेला असेच असे नाही, कारण लिहिण्याची गरज कोणाला वाटली नव्हती. बाहेरच्या सत्तेने कोठीला मोहोर लावली तेव्हा नेमका हाच न लिहिलेला भेद सिद्ध करण्याची वेळ राण्यांवर आली.

राज्य खालसा होणे

१८५३ हे वर्ष वऱ्हाड आणि नागपूर या दोन्ही मुलखांचे भवितव्य ठरवणारे ठरले. २१ मे रोजी निजामाने तैनाती फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनीच्या हवाली केले. ११ डिसेंबरला तिसरे रघूजी औरस पुत्र नसताना व दत्तक न घेता वारले. थोरल्या राणी अन्नपूर्णाबाई यांनी यशवंतराव अहेरराव यांना दत्तक घेतले (पुढे हेच दुसरे जानोजी). रेसिडेंट मॅन्सेल राज्य भोसले घराण्याकडे काही स्वरूपात राहू द्यावे या मताचा होता. गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलातील कर्नल जॉन लो यानेही खालसा करण्यास विरोध नोंदवला. डलहौसीने २८ जानेवारी १८५४ च्या आपल्या टिपणात दोघांचे म्हणणे बाजूस सारले आणि मार्चमध्ये राज्य खालसा झाले.

राजवाड्यातील मालमत्तेबाबत सरकारचे धोरण असे ठरले की राण्यांना त्यांच्या दर्जाप्रमाणे लागेल एवढे दागिने व सामान ठेवावे, उरलेले विकावे आणि त्या रकमेतून कुटुंबाच्या योगक्षेमासाठी ‘भोसला फंड’ उभारावा. कागदावर हे उदार दिसते. पण ‘लागेल एवढे’ म्हणजे किती हे ठरवणारा सरकारी अधिकारी होता, आणि जे आपलेच आहे त्याचा फंड करून आपल्यालाच तनखा देणे हे राण्यांना मानवणारे नव्हते.

विक्री व लिलाव

प्रथम जनावरे गेली. हत्ती, घोडे, उंट आणि बैल मिळून पाच-सहाशे जनावरांचे सुमारे १,३०० पौंड आले. त्या वेळच्या दहा रुपयांस एक पौंड या भावाने हे १३,००० रुपये होतात. सरासरी काढली तर एका जनावरामागे २६ रुपयांहून अधिक पडत नाहीत, आणि त्यांत हत्तीही आले. राण्यांनी कमिशनरकडे व गव्हर्नर जनरलकडे अर्ज केले; गव्हर्नर जनरलने हस्तक्षेप करण्याचे नाकारले.

राजवाड्यातील सामान हलवण्याची वेळ आली तेव्हा बाकाबाईंनी, सामान नेले तर वाड्याला आग लावीन, असे बजावले. त्या वेळी त्या वृद्ध होत्या. धमकीचा उपयोग झाला नाही. सामान गेले आणि जवाहीर कोलकात्यास रवाना झाले. १८५५ मध्ये तेथील हॅमिल्टन आणि कंपनी या जवाहिऱ्यांच्या पेढीमार्फत त्याची जाहीर विक्री झाली. १८०८ मध्ये स्थापन झालेली ही पेढी कोलकात्यातील युरोपीय समाजाची आवडती होती. नागपूरच्या राण्यांचे दागिने विक्रीला निघाल्याची जाहिरात तेथील वर्तमानपत्रांत झळकली. ज्या वस्तू राणीवशाबाहेरच्या पुरुषाच्या नजरेस पडत नसत, त्या मेजावर मांडल्या गेल्या.

इंग्रज इतिहासकार जॉन विल्यम के याने १८५७ च्या युद्धावरील आपल्या ग्रंथात या प्रकरणाची दखल घेतली आहे. राज्य घेण्यापेक्षा राजवाड्यातील वस्तूंच्या जप्तीचा व विक्रीचा बेरार व आसपासच्या प्रांतांतील लोकमनावर अधिक वाईट परिणाम झाला, असे आपल्या ऐकिवात असल्याचे तो म्हणतो. हे निरीक्षण मार्मिक आहे. राज्ये जाताना वऱ्हाडच्या लोकांनी दोन पिढ्यांत अनेकदा पाहिली होती. विधवांच्या पेट्या उघडणे मात्र त्यांच्या दृष्टीने राजकारणात बसत नव्हते.

नागपूरला नेमणुकीवर असलेला मेजर इव्हान्स बेल हा अधिकारी भोसले कुटुंबाची बाजू घेऊन वरिष्ठांशी भांडला आणि त्यापायी आपले पद गमावून बसला. पुढे इंग्लंडात त्याने याविषयी पुष्कळ लिहिले. १८६४ मधील ‘द एम्पायर इन इंडिया’ हे त्याचे पुस्तक डलहौसीच्या धोरणावरील कठोर टीकेसाठी ओळखले जाते.

समकालीन इतर प्रकरणे

नागपूरचा प्रकार एकटा नव्हता. पंजाब खालसा झाल्यावर लाहोरच्या तोशाखान्याचा बराच भाग लिलावाने विकला गेला. झाशीचे गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ रोजी, म्हणजे तिसऱ्या रघूजींच्या आधी अवघे वीस दिवस वारले. तेथे दत्तकपुत्र दामोदररावांचा गादीवरील हक्क नाकारताना खाजगी मालमत्तेवरील हक्क मात्र तत्त्वतः मान्य करण्यात आला. दत्तक एका कामासाठी खरा आणि दुसऱ्यासाठी खोटा, अशी ही मांडणी होती.

न्यायालयात लढले गेले ते तंजावरचे प्रकरण. व्यंकोजींच्या वंशातील शेवटचे राजे शिवाजी १८५५ मध्ये निपुत्रिक वारले आणि पुढच्या वर्षी कंपनीने राजवाड्यातील मालमत्ता ताब्यात घेतली. थोरल्या राणी कामाक्षीबाई यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला आणि तो जिंकला. १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. सार्वभौम सत्तेने केलेली ही राजकीय कृती असून तीत न्यायालयाला हात घालता येत नाही, असे त्याचे कारण दिले गेले. हा निवाडा आजही कायद्याच्या अभ्यासक्रमात आहे. गंमत अशी की दावा हरल्यावर, १८६२ मध्ये, सरकारने आपण होऊन मालमत्ता राजकुटुंबाकडे सोडली. नागपूरच्या राण्यांच्या बाबतीत असे होणे शक्य नव्हते. त्यांचे दागिने तोवर विकून झाले होते.

नंतरचा काळ

१८५७ च्या जूनमध्ये नागपुरात उठावाची तयारी उघडकीस आली. त्या वेळी बाकाबाईंनी आपले वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकले आणि मराठा सरदारांना शांत राहण्यास सांगितले. ज्या सरकारने दोनच वर्षांपूर्वी त्यांच्या घराचे जवाहीर विकले त्याच सरकारला त्यांनी साथ का दिली, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. दत्तकपुत्राला काही मान मिळवून देणे हा एकच मार्ग त्यांच्यापुढे उरला होता, हे मत प्रस्तुत लेखकास अधिक पटते. त्यांचा हिशेब चुकला नाही. १८५८ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर सरकारने जानोजींना ‘देऊरचे राजेबहादूर’ ही पदवी व तनखा दिला. राज्य मिळाले नाही. दागिनेही परत आले नाहीत.

काळ्या दगडाचा आणि कोरीव लाकूडकामाचा तो राजवाडा १८६४ मध्ये आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. नगारखाना तेवढा वाचला.

भोसल्यांच्या वस्तू अधूनमधून परदेशी बाजारात दिसतात. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सोथबीज या लिलावसंस्थेत पहिल्या रघूजींच्या नावाची तलवार विक्रीस आली आणि महाराष्ट्र शासनाने ती ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली. १८ ऑगस्ट २०२५ रोजी ती मुंबईत आली. पाते युरोपीय बनावटीचे, म्हणजे ‘फिरंग’, आणि त्यावर रघूजींचे नाव सोन्याच्या देवनागरी अक्षरांत. ती कोणाची हे त्या नावामुळेच ओळखता आले. तन्मणीवर किंवा चिंचपेटीवर कोणी नाव कोरत नसे.